गंजलेली पद्मिनी घरच्या अंगणात उभी करताना

काकांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी रत्नागिरीजवळच्या घरामागे नऊ पावसाळे उभी होती. निळ्या ताडपत्रीखाली, चारही बाजूंनी दोरीने घट्ट बांधलेली. ताडपत्री काढली तेव्हा रंग जवळजवळ शाबूत होता, बंपरवर बऱ्यापैकी चकाकी होती. मग मी ड्रायव्हरच्या पायाखालचा नमदा उचलला आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक पत्र्यावर टेकवलं. जोर न लावता ते आरपार गेलं. खाली गवत दिसत होतं.

त्या गाडीवर अडीच वर्षं काम केलं आणि त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली. गंज हा पत्र्याचा रोग नाही, पाण्याचा पत्ता आहे. जिथे गंज आहे तिथे पाणी थांबलं होतं, आणि ते का थांबलं हे शोधल्याशिवाय तिथला पत्रा बदलला तर चार पावसाळ्यांनी पुन्हा तिथेच भोक पडतं. पुढे जे काही लिहिलं आहे ते याच क्रमाने आहे. पाणी कुठून आलं, कुठे साठलं, त्याने काय खाल्लं आणि त्याला बाहेर कसं काढायचं.

उदाहरण पद्मिनीचंच घेतो, कारण ही गाडी आपल्या घरची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनवायची. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट, मग काही काळ प्रीमियर प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून पद्मिनी. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, मागच्या चाकांना ताकद, चारही चाकांना ड्रम ब्रेक, स्टिअरिंगवर गिअर. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. त्यामुळे तिचे भाग आजही सापडतात आणि तिची नस ओळखणारे जुने मिस्त्री अजून हयात आहेत. घरी पहिल्यांदा हात घालणाऱ्यासाठी याहून चांगली जुनी गाडी मला सुचत नाही.

आधी कागद

पाना हातात घेण्याआधी आरसी बुक काढा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर गाडी दाखवून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी फॉर्म २५. मूळ मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१. आरटीओत गाडी चालत्या स्थितीत न्यावी लागते, म्हणून नूतनीकरण शेवटी होईल. पण नावाचा आणि वारसांच्या संमतीचा प्रश्न आधीच मिटवा. गाडी तयार झाल्यावर भावकीत वाद निघाला तर अडीच वर्षांचे कष्ट अडकून पडतात.

आरसीवरचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या आकड्यांशी ताडून पाहा, फोटो काढा आणि चॅसी नंबरवर लगेच जाड टेप चिकटवा. ग्राइंडर फिरवताना हा नंबर पुसला गेला तर गाडी कायद्याने अनाथ होते. मूळ रंग बदलायचा असेल तर तोही आरसीवर नोंदवावा लागतो. मी काकांचाच पांढरा ठेवला.

पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी असेल तर २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं. मात्र अशी गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती यापलीकडे रस्त्यावर आणता येत नाही. रविवारी आईला घेऊन गणपतीपुळ्याला जायचं असेल तर साधी नोंदणीच बरी.

पंचांग बघून काम

कोकणात आणि मुंबईत या कामाचा खरा मुकादम म्हणजे हवामान. हवेतला दमटपणा साधारण ६० टक्क्यांच्या वर गेला की उघडा पत्रा गंजायला लागतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात तो सतत त्याच्या वरच असतो. समुद्राजवळ हवेतलं मीठ त्यात भर घालतं. सकाळी घासून चांदीसारखा केलेला पत्रा संध्याकाळी तांबूस दिसतो.

म्हणून जून ते सप्टेंबर गाडी उघडायची, भाग सुटे करायचे, इंजिन, ब्रेक आणि सीटचं काम करायचं. पत्रा घासणं, वेल्डिंग आणि प्रायमर दसऱ्यानंतर, नोव्हेंबर ते मार्च. एका दिवसात जेवढ्याला प्रायमर मारता येईल तेवढाच पत्रा त्या दिवशी उघडा करायचा. पहिल्या वर्षी मी उत्साहात ऑगस्टमध्येच चारही दारं घासून काढली. ती सगळी पुन्हा घासावी लागली.

उभी गाडी झाकायला ताडपत्री वापरू नका. जमिनीची वाफ तिच्याखाली कोंडते आणि रात्री थंड पत्र्यावर दव होऊन बसते. वर पत्र्याची शेड, चारही बाजू मोकळ्या, खाली कोबा. एवढं असलं की पुरे.

पाण्याचा माग

आता तपासणी. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही, बॉडीचा पत्राच सगळा भार पेलतो. त्यामुळे इथे गंज म्हणजे नुसता डाग नसतो, गाडीचा कणा खाल्लेला असू शकतो.

चुंबकाला पातळ फडकं गुंडाळा आणि बॉडीवर फिरवा. जिथे तो पकडत नाही तिथे खाली लांबीचा, म्हणजे खड्डे भरायच्या पुट्टीचा, जाड थर आहे. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा टणटणतो, कुजलेला थपथप आवाज देतो. रंगाला फोड आलेले असतील तर समजा की गंज आतून बाहेर आलाय. लोखंडाचा गंज झाला की त्याचं आकारमान वाढतं, तोच रंगाला वर उचलतो. बाहेर रुपयाएवढा फोड असेल तर आत तळहाताएवढी जागा गेलेली असते.

या जागा एकही न सोडता बघा: पुढच्या-मागच्या काचेच्या रबराखालची खोबण, दारांच्या खालच्या कडा, दाराखालच्या लांब पोकळ पेट्या, जॅक लावायच्या जागा, मडगार्डच्या आतला भाग, बॅटरीचा ट्रे, डिकीचा तळ, आणि मागच्या चाकांचे पाट्यांचे कमान-स्प्रिंग बॉडीला जिथे बसतात ती ठिकाणं. शेवटची जागा सगळ्यात महत्त्वाची. तिथला पत्रा हातात येत असेल तर आधी जाणत्या वेल्डरला दाखवा, मगच पुढे जायचं की नाही ते ठरवा.

प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा, इथे पाणी आलं कुठून? माझ्या गाडीत पायाखालचा पत्रा खालून कुजला नव्हता. पुढच्या काचेचं रबर कडक होऊन चिरलं होतं, तिथून पाणी डॅशबोर्डमागून उतरायचं आणि नमद्यात मुरायचं. नमदा स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो, वर्षभर. दारांत गोष्ट वेगळी. काचेच्या कडेने दारात पाणी जाणारच, ते बाहेर पडायला खाली बारीक भोकं असतात. ती माती आणि जुन्या रंगाने बुजली होती.

आणि दाराखालच्या पेट्या! वीस वर्षांपूर्वी एका डेंटरकडे त्यांची ‘दुरुस्ती’ झाली होती. उघडल्या तेव्हा आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले, वर लांबी थापलेली आणि त्यावर गुळगुळीत रंग. कागदाने वीस वर्षं पाणी प्यायलं. ते बोळे बाहेर काढताना मला खरोखर राग आला, कारण काकांनी त्या कामाचे पुरे पैसे मोजले होते.

उघडताना

गाडी उचलताना जीव सांभाळा. आमच्याकडे जॅक लावून खाली चिरे ठेवायची पद्धत आहे. जांभा दगड भाराखाली न सांगता फुटतो. लोखंडी घोड्याच, म्हणजे जॅक स्टँडच हवेत, चार, सपाट कोब्यावर. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही डोकं घालू नका.

पहिलं काम म्हणजे बॅटरी सोडणं. दुसरं, पेट्रोलची टाकी उतरवून गाडीपासून लांब ठेवणं. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. टाकीला भोक असलं तरी घरी वेल्डिंगचा विचारसुद्धा करू नका, ती दुसरी मिळवा किंवा जाणकाराकडे द्या.

त्यानंतर सीटा, नमदे, दारांचे पॅड, काचा, बंपर, दिवे. प्रत्येक नट-बोल्ट सुटा डब्यात टाकण्याऐवजी झिपच्या पिशवीत, वर मार्करने लिहिलेलं: ‘डावं पुढचं दार, वरची बिजागरी’. काढण्याआधी फोटो, काढल्यावर फोटो. वायरींना कागदी टेपच्या चिठ्ठ्या. दोन वर्षांनी जोडताना स्मरणशक्तीवर विसंबता येत नाही. जे बोल्ट हलत नाहीत त्यांना आदल्या रात्री गंजतेल मारून ठेवा आणि सकाळी आधी किंचित आवळा, मग सोडवा. आवळल्याने गंजाची पकड तुटते.

तुटलेलं, कुजलेलं काहीही फेकू नका. नवा भाग आणायला जाताना जुना हातात असला तर दुकानदार क्षणात ओळखतो. मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ आणि बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार, इथे दोन-चार चकरा मारा. एका फेरीत सगळं मिळत नाही, पण तिसऱ्या फेरीला दुकानदार तुम्हाला ओळखून गोणपाटाखालून वस्तू काढतो.

गंज काढणं

सुट्या लहान भागांसाठी मला सगळ्यात आवडलेला उपाय म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अॅसिड. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम, प्लास्टिकच्या बादलीत. आधी तेल-ग्रीस धुऊन घ्या, नाहीतर आम्ल लागतच नाही. बिजागऱ्या, ब्रॅकेट, जॅक असं सगळं त्यात बुडवा, तासातासाने बघा. बहुतेक भाग रात्रभरात करडे होतात. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळा, साध्या पाण्याने धुवा, उन्हात किंवा हेअर ड्रायरने खडखडीत वाळवा आणि लगेच प्रायमर किंवा तेल लावा. लगेच म्हणजे चहा पिऊन झाल्यावर नाही.

पशुखाद्याच्या दुकानात मिळणारी उसाची मळी नऊपट पाण्यात घालून तिच्यातही लोखंड गंजमुक्त होतं. एक ते तीन आठवडे लागतात आणि वास भयंकर, पण चांगल्या लोखंडाला ती हात लावत नाही. अॅल्युमिनियम आणि ओतीव मिश्रधातूच्या मुठी मात्र या दोन्हींत घालू नका. स्प्रिंग आणि ताणाचे बोल्टही आम्लात नकोत, ते ठिसूळ होऊ शकतात.

विजेच्या पद्धतीने गंज काढायचा असेल तर पाण्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची ऋण बाजू गंजलेल्या भागाला आणि धन बाजू भंगार लोखंडाच्या तुकड्याला. तिथे स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन वायूही सुटतो, म्हणून हे काम उघड्यावर, आणि जवळ ठिणगी नको.

बॉडीवर अँगल ग्राइंडरला तारेचा कप ब्रश. डोळ्यांवर नुसता गॉगल नव्हे, वर पूर्ण फेस शील्डही, कारण ब्रशच्या तारा तुटून सुईसारख्या उडतात. खड्ड्याखड्ड्यांत उरलेल्या काळ्या गंजाला फॉस्फरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावा. पण सुटणाऱ्या पापुद्र्यांवर ते ओतून गंज ‘बरा’ होत नाही. आधी खरवडून घट्ट भागापर्यंत जायचं. आणि त्याचा चिकट थर पुसून, धुऊन, वाळवून मगच इपॉक्सी मारायचा, नाहीतर प्रायमर सोलून निघतो.

कापणं आणि जोडणं

वेल्डिंग येत नसेल तर ते मिस्त्रीकडून करून घ्या, पण घरी बोलावून, स्वतः शेजारी बसून. मी तेच केलं. मोजमाप, कापाकापी, तुकडे बनवणं माझं, वेल्डिंग त्यांचं. त्यांचा पहिला नियम पत्रा कापण्याआधीच कळला. दाराखालची पेटी कापायची तर आधी दाराच्या चौकटीत आडवा-तिरपा लोखंडी पाइप टाचून घ्यायचा. नाहीतर बॉडी मधे बाक देते आणि नंतर दार कधीच नीट बसत नाही. एका वेळी एकच बाजू. दर टप्प्याला दार टांगून फटी बघायच्या.

कुजलेला भाग कापताना गंजाच्या कडेवर थांबू नका, दोन-तीन सेंटिमीटर चांगल्या पत्र्यात जा. पातळ कडेवर वेल्ड धरत नाही, जळून भोक पडतं. नवा पत्रा सीआरसी (थंड लाटलेला साधा पोलादी), बाहेरच्या भागाला २० गेज, तळाला आणि पेट्यांना १८ गेज. घरात पडलेला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा लावायचा मोह होतो, पण वेल्डिंगच्या वेळी त्याच्या जस्ताचा धूर छातीत जातो आणि जोडही चांगला होत नाही. आधी पुठ्ठ्याचा साचा कापा, जागेवर बसवून बघा, मग पत्रा.

वेल्डिंग सीओटूचं, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात तारेने होणारं विजेचं घ्या. गॅस वेल्डिंगची उष्णता पसरते आणि सपाट पत्रा लाटांसारखा होतो. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, तिसरा मधे, असं थंड होऊ देत जायचं. अखंड रेघ ओढायची घाई नको. पत्र्यामागे वायर किंवा नमदा राहिला नाही ना ते बघा, शेजारी पाण्याची बादली आणि अग्निशामक ठेवा, आणि काम संपल्यावर तासभर गाडीजवळच राहा. आग पुष्कळदा मिस्त्री गेल्यावर लागते.

ज्या पोकळीत नंतर हात जाणार नाही तिथे आधीच जस्तयुक्त प्रायमर लावा. आणि पेटी बंद करताना खालची पाणी निघायची भोकं विसरू नका. मी नव्या पेटीला मूळच्यापेक्षा दोन जास्त ठेवली.

प्रायमर, लांबी आणि रंगाची सीमा

उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर. नेहमीचा तांबडा रेड ऑक्साइड पाणी झिरपू देतो. शेतीच्या फाटकाला तो ठीक, गाडीच्या तळाला नाही. इपॉक्सी वाळल्यावर सांध्यांत फटी बुजवणारा सीम सीलर, मग लांबी.

लांबीबद्दल माझं मत कडक आहे. ती ओरखडे आणि उथळ पोचे भरायला असते, भोकं बुजवायला नाही. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर लागत असेल तर पत्रा हातोडी आणि डॉलीने (मागून टेकवायच्या लोखंडी ठोकळ्याने) अजून सरळ करायचा बाकी आहे. लांबी पाणी पिते, म्हणून तिच्यावर पाणपेपर चालवायचा नाही, कोरडंच घासायचं. आपल्याकडच्या कितीतरी गाड्या रंगकामानंतर वर्षात फुगतात, त्याला ओली घासलेली लांबी हे एक मोठं कारण आहे. तिच्यावर सरफेसरचा, म्हणजे रंगाआधीच्या गुळगुळीत करायच्या प्रायमरचा, थर चढल्यावर मग खुशाल पाणपेपर, ४०० ते ८०० नंबरचा.

शेवटचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मी घरी मारला नाही आणि तुम्हीही मारू नये असं सांगेन. त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना कायमची इजा करू शकतात, साध्या मास्कने ते अडत नाहीत. वाड्यात धूळ आणि डासही रंगात बसतात. प्रायमर-सरफेसरपर्यंत गाडी तयार करा आणि बूथ असलेल्या रंगाऱ्याकडे ट्रेलरवर न्या.

तळाला डांबरी काळं कोटिंग मारण्याआधी दहादा विचार करा. चांगल्या इपॉक्सीवर मारलं तर ते दगडांपासून वाचवतं. गंजावर मारलं तर तडा गेल्यावर पाणी आत कोंडतं आणि वरून सगळं छान दिसत राहतं. दारं आणि पेट्यांच्या पोकळीत मेणासारखं कॅव्हिटी वॅक्स लांब नळीने फवारा. पूर्वी लोक जळकं ऑइल मारायचे, पण त्यात आम्लं असतात आणि त्याने रबर फुगतं.

इंजिन आणि ब्रेक

वर्षानुवर्षं उभ्या गाडीला ढकलून स्टार्ट करायचा मोह आवरा. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल सोडा, दोन दिवस थांबा. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने हळू फिरवा. अडकलं तर जबरदस्ती नको, आणखी तेल, आणखी दिवस. मोकळं फिरलं की जुनं ऑइल काढून नवं २०डब्ल्यू-४० आणि फिल्टर. प्लग न लावताच स्टार्टर मारून ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत थांबा. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट सुमारे ०.४५ मिलिमीटर, प्लगची ०.६. प्लगच्या वायरी १-३-४-२ या क्रमाने. पहिल्यांदा सुरू करताना पेट्रोल जुन्या टाकीतून नको, गाडीपासून दूर, नीट बांधलेल्या स्वच्छ कॅनमधून द्या. नाहीतर टाकीचा गंज कार्बोरेटरमध्ये उतरतो.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुनं रबर खातं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणून सगळे पेट्रोल पाइप इथेनॉलला टिकणारे नवे टाका, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचा किट बदला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

ब्रेकमध्ये काटकसर नाही. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, रबरी होज, लोखंडी नळ्या, सगळं नवं. जुन्या लायनिंगच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकतं, ती फुंकून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. नक्षी कितीही ताजी दिसली तरी दहा वर्षांचा टायर बाद.

जोडल्यावर एक भानगड हमखास होते. सगळीकडे सुंदर रंग आणि दिवे मात्र मिणमिणते. अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर पट्टी आवळा, वर ग्रीस लावा. इंजिन ते बॉडी ही पट्टी नवीच टाका.

पाण्याची परीक्षा

नमदे बसवण्याआधी, सीटा नसतानाच, घरच्या कोणाला टॉर्च देऊन आत बसवा आणि बाहेरून बागेच्या पाइपने पाणी सोडा. खालून वर, एकेक जागा पाच-पाच मिनिटं: दारं, मग काचा, मग छताची पन्हळ. सगळीकडे एकदम पाणी मारलं तर गळती कुठली ते कळत नाही. आमच्या वेळी काकू आत बसल्या होत्या. पुढची काच कोरडी राहिली. डिकीच्या डाव्या कोपऱ्यात मात्र पाण्याची रेघ उतरली, रबराचा सांधा खाली आला होता. तो वर, मधोमध घेतला.

पहिल्या पावसाळ्यात दर रविवारी नमद्याची कड उचलून खाली हात फिरवा, दारांच्या भोकांतून एक तार घाला. मी जूनपासून हेच करतोय. काल ड्रायव्हरच्या बाजूच्या मागच्या भोकातून सुकलेल्या आंब्याच्या मोहोराची गुंडाळी निघाली, तिच्यामागोमाग वाटीभर पाणी.